लांब पल्ल्याच्या ट्रेकसाठी हॅमॉक निवडताना

अमेरिकेतली सुमारे 3,500 किलोमीटरची अ‍ॅपलाचियन ट्रेल बहुतांशी दाट जंगलातून जाते. जमीन उताराची असो वा दगडगोट्यांची, दोन भक्कम झाडं मिळाली की मुक्कामाची सोय होते. म्हणून तिथे हॅमॉक नेणारे बरेच.

निवडताना आधी लांबी पाहावी. सुमारे 11 फुटी हॅमॉकमध्ये तिरकं झोपता येतं आणि पाठ जवळपास सपाट राहते. वजन वाचवायला 9 फुटी घेणं ही खोटी काटकसर. त्यात माणूस केळ्यासारखा वाकतो. कापड रिपस्टॉप नायलॉनचं चालतं. पट्टे मात्र पॉलिएस्टरचे हवेत, कारण नायलॉन भिजलं की ताणतं. रुंदी किमान इंचभर असावी, म्हणजे झाडाची साल सोलवटत नाही. पट्टे आडव्या रेषेशी 30 अंशांत बांधले, तर 80 किलोच्या माणसाचा प्रत्येक पट्ट्यावर साधारण 80 किलो ताण येतो. 15 अंशांत तोच दीडशेवर जातो.

खरी गफलत होते ती थंडीत. अंगाखाली दबलेली स्लीपिंग बॅग फारशी ऊब देत नाही, म्हणून बाहेरून टांगायची अंडरक्विल्ट लागते. ती, टार्प आणि मच्छरदाणी धरली की ओझं बहुधा हलक्या तंबूइतकंच होतं. त्यामुळे हॅमॉक घ्यावा तो चांगल्या झोपेसाठी, केवळ वजनासाठी नव्हे.