गिअरबॉक्सची देखभाल : घाटात माल वाहणाऱ्यांसाठी

गुहागर तालुक्यातील व्यापाऱ्याचा अर्धा धंदा दुकानात आणि अर्धा रस्त्यावर चालतो. इचलकरंजीहून कापड आणायचे तर कराड, पाटण करून कुंभार्ली घाट उतरावा लागतो. दापोलीच्या बाजूला माल द्यायचा तर धोपाव्याला फेरीबोटीत गाडी चढवायची, तीही खाऱ्या पाण्याने ओल्या झालेल्या उतारावरून. अशा वापरात क्लच आणि गिअरबॉक्सचे हाल होतात. तरीही आपले व्यापारी बंधू इंजिन ऑइलचा हिशोब किलोमीटरनिशी ठेवतात आणि गिअर ऑइल शेवटचे कधी बदलले असे विचारले की ड्रायव्हरच्या तोंडाकडे पाहतात.

याला कारण आहे. इंजिन ऑइल काळे पडते, थोडे जळते, कमी झालेले दिसते. गिअर ऑइल जळत नाही, म्हणून ते कायमचे आहे असा समज होतो. परंतु दातावर दात घासून निघालेली पोलादाची पूड त्याच ऑइलात फिरत राहते. सीलमधून थेंब थेंब गळून पातळी खाली गेली तरी बहुतेक गाड्यांत कोणताही दिवा लागत नाही. आवाज येऊ लागतो तेव्हा बेअरिंग गेलेले असते. एकीकडे दोन-तीन लिटर ऑइलची किंमत. दुसरीकडे गिअरबॉक्स उतरवण्याचा खर्च आणि ऐन ईदच्या किंवा लग्नसराईच्या दिवसांत उभी राहिलेली गाडी.

पातळी पाहायला फार तजुर्बा लागत नाही. गाडी सपाट जागी उभी करून बाजूचा बोल्ट काढावा. बहुतेक गिअरबॉक्समध्ये ऑइल त्या भोकाच्या काठापर्यंत असले पाहिजे. बदलताना गाडी थोडी चालवून ऑइल कोमट असतानाच काढावे, म्हणजे गाळ सोबत निघतो. खालच्या बोल्टाला चुंबक असेल तर त्यावर करडा लेप दिसेल, त्याची चिंता नको. लोखंडाचे तुकडे दिसले तर दात तुटला आहे, असे समजावे. ऑइल दुधासारखे पांढुरके निघाले तर आत पाणी शिरले आहे.

पाण्याची गोष्ट आपल्या भागात गंभीर आहे. गिअरबॉक्सला हवा जाण्यासाठी एक बारीक नळी असते. तापलेला गिअरबॉक्स पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि त्या वाटेने पाणी ओढले जाते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली, त्यात गाड्याही बुडाल्या. अशा गाडीचे इंजिन साफ करून ती चालू केली आणि गिअर ऑइल तसेच ठेवले, तर बेअरिंगला गंज धरतो आणि त्याचा हिशोब काही महिन्यांनी द्यावा लागतो.

ऑइल कोणते, हेही मिस्त्रीच्या मर्जीवर सोडू नये. गाडीच्या पुस्तिकेत जीएल-४ लिहिले असेल तर तेच घालावे. जीएल-५ वरचे म्हणून चांगले, असे दुकानदार सांगतो. परंतु त्यातील गंधकयुक्त मसाला गिअरबॉक्समधील पितळी सिंक्रो रिंगांना बाधू शकतो. मागच्या क्राउन-पिनियनला मात्र साधारणपणे जीएल-५ च लागते. बोलेरोसारख्या गाडीत दोन्ही ठिकाणी एकाच डब्यातून ऑइल ओतण्याआधी पुस्तिका उघडावी.

आता क्लच. चढावर गाडी हाफ क्लचवर धरून ठेवणे ही आपल्या ड्रायव्हरांची जुनी खोड. त्यात प्लेट घसटत राहते, तापते आणि जळका वास येतो. हँडब्रेक कशासाठी दिला आहे? पेडलवर पाय टेकवून चालवले तर रिलीज बेअरिंग लवकर जाते. घाट उतरताना न्यूट्रल करणारे डिझेल वाचवतात म्हणे. खरे तर सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापून निकामी होतात. गिअरमध्ये ठेवूनच उतरावे.

बिघाड ओळखण्यात चूक झाली तर मेहनतही वाया जाते आणि पैसाही. इंजिन बंद असताना सर्व गिअर सहज पडतात आणि चालू असताना कुरकुरतात, तर आधी क्लचची केबल किंवा सिलिंडर पाहावा. गिअरबॉक्स उघडण्याची घाई नको. न्यूट्रलमध्ये येणारा आवाज पेडल दाबताच थांबत असेल तर इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर संशय घ्यावा. पेडल दाबल्यावरच आवाज येत असेल तर रिलीज बेअरिंग. एकच गिअर, बहुधा दुसरा, अडत असेल तर त्याची सिंक्रो रिंग झिजली असावी. चढावर इंजिन ओरडते पण गाडी पुढे सरत नाही, तेव्हा क्लच प्लेट संपली.

एकदा गिअरबॉक्स उतरला की प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचे मागचे सील एकत्रच पाहून घ्यावे. नुसती प्लेट बदलून शंभर रुपये वाचवणारा गिऱ्हाईक सहा महिन्यांनी तीच मजुरी पुन्हा देतो. आपल्या कारागीर बंधूंना एक सूचना : बसवताना गिअरबॉक्सचे वजन प्लेटच्या हबवर लोंबकळू देऊ नका, हब वाकते आणि नव्या प्लेटचाही क्लच नीट सुटत नाही. फ्लायव्हीलवर निळे डाग असतील तर लेथवर घासून घ्या. आणि काढलेले सामान गिऱ्हाइकाच्या हातात द्या. कापडाच्या दुकानात आम्ही गज मोजतो तो गिऱ्हाइकासमोरच.

भारतात मारुतीने २०१४ साली सेलेरिओमध्ये एएमटी आणला, तेव्हापासून क्लच पेडल नसलेल्या गाड्या वाढल्या. पेडल नाही म्हणजे क्लच नाही, असे समजू नये. एएमटीच्या आत तीच प्लेट आणि तेच दात असतात, फक्त पाय आणि हाताचे काम यंत्र करते. चढावर ती ॲक्सिलरेटरवर धरून ठेवली तर प्लेट तशीच जळते. सीव्हीटीचा प्रकार वेगळा. त्यात पट्टा असतो आणि त्याचे खास ऑइलच चालते, साधे गिअर ऑइल घातले तर गिअरबॉक्स जातो. एएमटीत क्लच बदलल्यानंतर संगणकाला नव्या प्लेटची ओळख करून द्यावी लागते. त्याचे स्कॅनर ज्या गॅरेजकडे नाही, त्याने हे काम हाती घेऊ नये. आणि ज्याचा मुलगा आयटीआयत मेकॅनिक मोटर व्हेइकलचा दोन वर्षांचा ट्रेड करतो आहे, त्याने स्कॅनरच्या पैशांची तजवीज आतापासून करावी.