बहिणीचा वाटा

वऱ्हाडातल्या रोडग्याला भट्टी लागत नाही. जाडसर कणकेत ओवा, मीठ आणि तेलाचं मोहन घालून घट्ट गोळे करायचे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजायचे आणि गरम राखेत मुरू द्यायचे. एरवी सोबत वरण आणि वांग्याची भाजी. पण आंब्याच्या दिवसांत नांदगाव खंडेश्वरला आमच्या घरी तूप माखलेला रोडगा रसात चुरतात. माहेरी आलेल्या धाकट्या बहिणीच्या ताटात पहिला रोडगा पडतो. ती त्यातला अर्धा मोडून माझ्या ताटात टाकते.

बँकेत असताना शेतीकर्जाच्या कागदांत बहिणींची हक्कसोडपत्रं पुष्कळ पाहिली. माहेर तुटू नये, एवढ्यासाठीच कित्येकींनी सही केलेली असे. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच, जन्मानं हक्क आहे. तो ठेवावा की सोडावा, हे तिनं ठरवायचं.

वाचकहो, यंदा बहिणीला रोडगे जरूर खाऊ घाला. मात्र ज्या बांधावरच्या आंब्याचा रस वाढाल, त्या बांधातही तिचा वाटा आहे, हे जेवणाआधीच सांगा. मग रोडगा दोघांनाही गोड लागेल.