पहारेकऱ्याला सुट्टी देताना…

मुलांनो, परंड्याचा किल्ला पाहिलाय ना? आपल्या धाराशिव जिल्ह्यातला हा भुईकोट. डोंगराचा आधार नाही, म्हणून भोवती खंदक आणि दुहेरी तटबंदी. आत जायचं तर दरवाजातूनच, आणि तिथं पहारेकरी! कॉम्प्युटरलाही असाच पहारेकरी असतो. त्याचं नाव फायरवॉल.

इंटरनेटवरून माहिती येते ती लहान लहान पाकिटांतून. पाकीट कुठून आलं, कोणत्या दारी जायचंय, हे त्यावर लिहिलेलं असतं. या दारांना ‘पोर्ट’ म्हणतात आणि प्रत्येकाला नंबर असतो. तुम्ही मागवलेलं पाकीट फायरवॉल आत सोडतो. न बोलावता आलेल्याला दारातच अडवतो.

२००१ साली विंडोज एक्सपी आलं. त्यात फायरवॉल होता, पण मुळातच बंद ठेवलेला! ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ नावाचा किडा १३५ नंबरच्या दारातून जगभरच्या कॉम्प्युटरांत शिरला. कुणी कुठं क्लिकही केलं नव्हतं, तरी कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागले. मग ऑगस्ट २००४ च्या सुधारणेपासून विंडोजचा फायरवॉल आधीपासूनच चालू मिळू लागला.

आता माझीच फजिती सांगते. शाळेतल्या एका कॉम्प्युटरवरच्या फाइली दुसऱ्यावर जाईनात. वैतागून मी फायरवॉलच बंद केला. काम दहा मिनिटांत झालं, पण तो चालू करायचं राहूनच गेलं! चार दिवसांनी सातवीतली एक मुलगी म्हणाली, “बाई, त्या ढालीवर लाल फुली कशाला आलीय?” माझ्या पोटात धस्स झालं. त्यात सगळ्या मुलांचे आधार क्रमांक होते. नशीब, काही बिघडलं नव्हतं.

म्हणून हे लक्षात ठेवा. एखादाच प्रोग्रॅम अडत असेल, तर सगळा पहारा उठवू नका. विंडोज सिक्युरिटीत ‘फायरवॉल’ उघडा आणि तेवढ्याच ओळखीच्या प्रोग्रॅमला परवानगी द्या. बंद करावाच लागला, तर:

१. आई-बाबांना किंवा शिक्षकांना विचारा.
२. आधी इंटरनेट तोडा. राऊटरला येणारी बाहेरची तार काढा.
३. चालू असलेल्या नेटवर्कपुरताच फायरवॉल बंद करा. बसस्टँड, कॅफे अशा ठिकाणी मुळीच नाही.
४. काम झालं की लगेच चालू करा. ढालीवर हिरवी खूण दिसली की मगच इंटरनेट जोडा.

आणि हो, फोनवरून कुणी अनोळखी माणूस “फायरवॉल बंद करा” म्हणाला, तर सरळ फोन ठेवून द्या!

पालकहो, फायरवॉल असला म्हणजे झालं, असंही नाही बरं का. आपणच आत घेतलेली खोटी फाइल त्याला ओळखू येईलच असं नाही. पहारेकरी कितीही जागा असला, तरी घरच्यांनी डोळे उघडे ठेवायलाच हवेत.

मग आज घरी गेल्यावर पाहणार ना, तुमच्या ढालीवर हिरवी खूण आहे की लाल फुली?