व्हिडिओ बंद, गाणं चालू!

पहिलीच्या बाईंना एखादा झकास गाण्याचा व्हिडिओ फॉरवर्ड करायचाय? थांबा. आधी तो बल्लारपूरकडच्या एका वर्गात चालतो की आपटतो, ते बघा.

शनिवारची रात्र. आपला वीकएण्ड नुकता कुठे मूडमध्ये येत होता आणि मावसबहिणीचा मेसेज आला : ‘लहान पोट्ट्यांसाठी गाण्याचे चांगले व्हिडिओ पाठव नं. तू मीडियातली, तुला माहीत राहते.’

ताई बल्लारपूरजवळच्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. मी पुण्यात असते, मास कॉमची डिग्री आहे आणि घरी वायफाय आहे. एवढं क्वालिफिकेशन पुरेसं होतं. तासाभरात बारा लिंक गेल्या. रंगीत अ‍ॅनिमेशन, परदेशी शाळांचे कॉयर, टाळ्यांचे खेळ, पेले आपटून धरलेला ताल. एकापेक्षा एक सॉलिड! मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

सोमवारी संध्याकाळी रिझल्ट लागला. तीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज. ‘छान आहेत गं. पण पोट्टे नुसते पाहून राहिले. गाऊन कोणीच नाही राहिलं.’

जरा झोंबलंच. म्हणून जानेवारीत घरी गेले, तेव्हा एक दिवस तिच्या वर्गात मागच्या सतरंजीवर बसून आले.

संगीताच्या बाई? त्या कोण?

बल्लारपूर तुम्हाला कदाचित ‘बल्लारशाह’ या नावानं माहीत असेल. दक्षिणेकडे जाणारी गाडी जिथे थांबते आणि आपण चहासाठी उतरतो, तेच स्टेशन. वाघ आणि जंगलाच्या चित्रांनी रंगवलेलं. २०१८ मध्ये रेल्वेच्या सुशोभीकरण स्पर्धेत बल्लारशाह आणि चंद्रपूरला मिळून पहिलं बक्षीस मिळालं होतं. गावात वर्धा नदीच्या काठावर गोंड राजांचा किल्ला आहे, पेपर मिल आहे, आसपास कोळशाच्या खाणी. कामासाठी कुठून कुठून माणसं आली आणि इथलीच झाली. त्यामुळे ताईच्या वर्गात कोणाच्या घरी तेलुगू, कोणाच्या घरी हिंदी, कोणाच्या घरी गोंडी आणि काहींच्या घरी मराठी.

आणि संगीताचं काय? तर प्राथमिक शाळेत संगीताला वेगळ्या बाई असतात ही आपली शहरी समजूत. शिक्षण हक्क कायद्यात कलाशिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक आहे, पण तो सहावी ते आठवीसाठी, आणि तिथेही शंभरावर मुलं असतील तर. पहिली-दुसरीला जी बाई बेरीज शिकवते, तीच गाण्याची बाई. बालभारतीच्या ‘खेळू, करू, शिकू’ या पुस्तकात गायन-वादन आहे. पण ज्या बाईंनी स्वतः कधी पेटीला हात लावलेला नाही, त्यांनी सूर कुठून आणायचा? तिथे मग मोबाइल कामाला येतो. शिक्षकांच्या ग्रुपवर रोज काहीतरी पडतं : कृतियुक्त गीत, बडबडगीत, एखादा नवा टाळ्यांचा खेळ.

एकेकाळी हे काम सरकार करायचं. आठवतेय ना बालचित्रवाणी? सकाळी दूरदर्शनवर ती ट्यून लागली की शाळेला उशीर होतोय हे कळायचं! १९८४ मध्ये पुण्यात सुरू झालेली ही संस्था २०१७ मध्ये बंद झाली. त्याच वर्षी ‘दीक्षा’ आलं आणि पुस्तकांवर क्यूआर कोड छापले जाऊ लागले. कोड स्कॅन केला की व्हिडिओ हजर. पण स्क्रीनवर आलेलं गाणं मुलाच्या गळ्यात कसं उतरवायचं, ते बाईंनाच बघावं लागतं.

बारापैकी एक

ताईनं माझ्यासमोर त्यातलाच एक व्हिडिओ लावला. तीस पोरं टक लावून बसली. तोंडं उघडी, पण आवाज शून्य. सिनेमा बघतात तशी.

मग माझ्या लक्षात आलं की ते गाणं फार सुसाट होतं. पहिली ओळ कानात शिरते न शिरते तोच तिसरी सुरू. पट्टीही मोठ्या माणसाची, खालची. त्या सुरात लहान मूल गात नाही, बोलतं. आणि मुख्य म्हणजे त्या गाण्यात जागाच नव्हती. सगळं गाऊन, वाजवून, नाचून झालेलं. आयतं वाढलेलं ताट. पोरांनी करायचं काय?

बारापैकी चालला तो एकच आणि तो माझ्या लिस्टमधला सगळ्यात गचाळ होता. मोबाइल हलतोय, बाहेर कुत्रं भुंकतंय. एक शिक्षिका एक ओळ म्हणते, थांबते, टाळी देते आणि मुलांकडे बघते. बस्स! त्या थांबण्यातच ताईची पोरं घुसली. दुसऱ्या फेरीला ताईनं फोन उलटा करून ठेवला आणि खेळ पुढे अर्धा तास चालला. कुठल्या शाळेतल्या बाई आहेत देव जाणे, पण मी त्यांची फॅन झालेय.

हंगेरीचा फंडा

हे सगळं शंभर वर्षांपूर्वी एका माणसाच्या डोक्यात आलं होतं. झोल्तान कोडाय, हंगेरीचा संगीतकार. १९०५ पासून तो आणि पुढे त्याचा मित्र बेला बार्तोक खेड्यापाड्यांत फिरत होते, फोनोग्राफ घेऊन. मेणाच्या नळकांड्यांवर शेतकऱ्यांची गाणी रेकॉर्ड करायची, घरी येऊन लिहून काढायची. आजच्या भाषेत, मोबाइल घेऊन फिल्डवर जायचं.

पुढे कोडायनं हट्ट धरला की मुलाला जशी मातृभाषा असते, तशी संगीताचीही मातृभाषा असते. सुरुवात तिथूनच करायची. वाद्य नंतर, आधी गळा. लहान मुलांना सप्तकाची घोकंपट्टी न करवता दोनच सुरांपासून सुरुवात, आपल्या भाषेत प आणि ग. बिल्डिंगखालून मैत्रिणीला लांब हाक मारून बघा, बरेचदा हेच दोन सूर लागतात. १९५० मध्ये केचकेमेत या गावात रोज गाणं शिकवणारी प्राथमिक शाळा सुरू झाली. २०१६ मध्ये युनेस्कोनं या पद्धतीची वारसा जपण्याचं चांगलं उदाहरण म्हणून नोंद घेतली.

इथवर वाचून छान वाटतं. मग प्रश्न येतो, ताईच्या वर्गाची संगीतातली मातृभाषा कुठली?

फॉरवर्ड कोणाचं, गाणं कोणाचं?

ग्रुपवर फिरणारी बहुतेक गाणी प्रमाण मराठीतली, नाहीतर इंग्रजी. भोंडलासुद्धा पुण्याचाच. आमच्याकडे विदर्भात भुलाबाई असते, हे ग्रुपला कोणी सांगावं? तेलुगू घरातल्या मुली बतुकम्माला फुलांच्या राशीभोवती टाळ्या देत फिरतात. तो ठेका त्यांना चालायला लागल्यापासून येतो, पण शाळेत त्यांना कोणी विचारलेलंच नसतं.

गोंडीचं तर विचारूच नका. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे तीस लाख लोकांची ही मातृभाषा, तरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला जागा नाही. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा काढली. कोणाची वाट बघणार?

आणि गंमत म्हणजे रेला हा गाण्याच्या खेळाचा अगदी तयार नमुना आहे. हातात हात घालून गोल, एकानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची, पावलं सगळ्यांची एक. रेला म्हणजे बहावा, पिवळ्या झुंबरांचं ते झाड. ज्यासाठी आम्ही बाहेरून व्हिडिओ मागवतो, ते घराच्या अंगणात चालू असतं!

ताईच्या ग्रुपमध्ये भामरागडकडचे एक गुरुजी आहेत. त्यांच्या गावात रेंज नाही, म्हणून आठवडी बाजाराच्या दिवशी त्यांचे सगळे मेसेज एकदम येतात. त्यांनी एकदा रेलाचं नुसतं ऑडिओ पाठवलं. ताईनं ते वर्गात लावलं आणि शब्द म्हणायला गेली, तर सपशेल चुकली. मागच्या रांगेतली एक मुलगी फिसकन हसली. ताई म्हणाली, ‘मग तू सांग नं.’

ती उठली. बाईंना दोनदा दुरुस्त केलं, मग गोल करून सगळ्यांना उभं केलं. मराठीच्या तासाला ही मुलगी हजेरीपुरतं बोलते, हे मला ताईनं नंतर सांगितलं.

पण जरा जपून

इथे माझा उत्साह उतू चालला होता. म्हटलं, शूट करू, टाकू, व्हायरल होईल! ताईनं फोन खाली करायला लावला. पालकांना विचारल्याशिवाय पोरांचे चेहरे कुठेही जाणार नाहीत. फार तर हात-पाय दिसतील, नाहीतर नुसता आवाज. शिवाय प्रत्येक गाणं शाळेत गायचं नसतं. काही लग्नातली, काही देवाची. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारूनच घ्यायचं.

तिचा खरा राग गॅदरिंगवर आहे. पोरांच्या डोक्याला पिसं खोचायची, गालावर पांढरे पट्टे ओढायचे, स्पीकरवर भलतंच गाणं लावायचं आणि त्याला ‘आदिवासी डान्स’ म्हणायचं. असे व्हिडिओही ग्रुपवर येतात, भरपूर अंगठ्यांसह. ‘ते पाहून ती पोरगी पुन्हा गप्प बसंल,’ ताई म्हणाली. तिचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं.

तर मग आपण पाठवायचं काय?

परत आल्यावर मी लिंक शोधणं बंद केलं आणि आजीला फोन लावला. तिनं भुलाबाईची आठवण काढली. गाणी संपली की खाऊ ओळखायचा खेळ असायचा. यजमानीणबाई झाकण लावलेला डबा हलवणार आणि मुलींनी नुसत्या आवाजावरून सांगायचं, आत काय आहे. कान तयार करायला यापेक्षा भारी एक्सरसाइज कुठला? आजीनं तिथल्या तिथे स्टीलचा डबा आणला, काहीतरी भरलं, फोनजवळ खुळखुळवलं. चाळीस सेकंदांचं रेकॉर्डिंग मी तसंच ताईला पाठवलं. ना एडिटिंग, ना बॅकग्राउंड म्युझिक.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तिचा फोन आला. मागे नुसता कल्ला.

‘अगं, सगळं सांगून झालं. शेंगदाणे, मुरमुरे, लाडू, एकानं तर गोट्यासुद्धा म्हटल्या. आता तेलुगूत आणि गोंडीत नावं घेऊन राहिले. उत्तर काय आहे?’

मी ते आजीला विचारलंच नव्हतं.

‘मग विचार नं लवकर,’ ताई म्हणाली, ‘घंटा व्हायच्या आधी.’