नंबर कोण बघतो?

जुन्या गाडीचे इंजिन बसले की मालकापुढे तीन रस्ते असतात. इंजिन उतरवून दुरुस्त करून घ्यायचे, गाडी भंगारात द्यायची, किंवा तशाच दुसऱ्या गाडीचे इंजिन आणून बसवायचे. यातला तिसरा रस्ता अनेकांना आवडतो. काम लवकर होते आणि खर्चही बहुधा आवाक्यात राहतो. आमच्या भागातले एक मिस्त्री या कामात पटाईत आहेत. एका निवृत्त शिक्षकांची मारुती आठशे त्यांच्याकडे आली होती, तेव्हा मी तिथेच बसलो होतो. मिस्त्री म्हणाले, "सर, दुसऱ्या आठशेचं इंजिन मिळतंय. गाडी तीच, इंजिन तसंच. फक्त नंबर वेगळा." सरांनी विचारले, "मग नंबराचं काय?" मिस्त्री हसले. "नंबर कोण बघतो, सर?"

या साध्या प्रश्नाचे उत्तर मात्र साधे नाही. इंजिनातले मला फारसे कळत नाही. तिथे मी मिस्त्रीचे ऐकणारा माणूस. पण विम्याची पॉलिसी शेवटी शब्दांचीच बनलेली असते, आणि शब्द नीट वाचणे हे माझे रोजचे काम आहे. म्हणून हे बोलणे.

प्रत्येक गाडीला दोन जन्मखुणा असतात. एक चासी नंबर, दुसरा इंजिन नंबर. चासी नंबर गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला असतो. इंजिन नंबर असतो इंजिनाच्या ब्लॉकवर, म्हणजे ज्या मुख्य ओतीव भागात पिस्टन खालीवर होतात त्यावर. वरचे हेड बदलले, पिस्टन-रिंगा बदलल्या, तर नंबर बदलत नाही. ब्लॉक बदलला की मात्र बदलतो. हेच दोन्ही नंबर आरसी बुकावर असतात आणि विम्याच्या पॉलिसीवरही असतात. शेजारी इंजिनाची क्षमता सीसीमध्ये लिहिलेली असते. विमा कंपनीने भरपाईचे वचन दिलेले असते ते या वर्णनाच्या गाडीला.

आता 'तसंच इंजिन' म्हणजे काय ते पाहू. मारुती आठशे १९८३ च्या डिसेंबरमध्ये रस्त्यावर आली आणि तिचे उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबले. या तीस वर्षांत इंजिन ७९६ सीसीचेच राहिले, पण सुरुवातीला त्याला कार्बोरेटर होता आणि पुढे संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा आली. नव्या पद्धतीचे इंजिन जुन्या गाडीत बसवायचे तर पेट्रोलपंप, वायरिंग आणि तो छोटा संगणक, सगळेच हलवावे लागते. उलट, नव्या गाडीत जुने कार्बोरेटरचे इंजिन घातले तर ती गाडी तिच्यासाठी ठरलेल्या प्रदूषणाच्या निकषात बसत नाही. ओम्नीचे इंजिनही ७९६ सीसीचेच. पण ते पुढच्या सीटखाली लांबीच्या दिशेने बसते आणि मागची चाके फिरवते. आठशेचे इंजिन बॉनेटखाली आडवे बसते आणि पुढची चाके फिरवते.

डिझेलचेही तसेच. फियाटचे १२४८ सीसीचे इंजिन आपल्याकडे मारुती स्विफ्टमध्ये होते, टाटा इंडिका व्हिस्टामध्ये होते आणि फियाटच्या पुंटो-लिनियामध्येही होते. लोक त्याला गमतीने राष्ट्रीय इंजिन म्हणत. पण कुठे ते सुमारे ७५ अश्वशक्तीचे होते, कुठे ९० अश्वशक्तीचे. टर्बो वेगळा, संगणकातली आज्ञावली वेगळी. दोन गझला एकाच वृत्तात असल्या म्हणून एकीतला शेर उचलून दुसरीत ठेवता येत नाही. काफिया आणि रदीफही जुळावे लागतात. इंजिनाचे तसेच आहे.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याच्या कलम ५२ मध्ये २००० साली दुरुस्ती झाली. निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी आरसीतला तपशील विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये, असे हे कलम सांगते. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर गाडी चालवण्यासाठी मंजूर किट बसवायला त्यात अटींसह मुभा आहे. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षी कायद्यात कलम १८२ अ आले. नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. थोडक्यात, त्याच बनावटीचे आणि त्याच प्रकारचे इंजिन बसवायचे असेल तर आधी आरटीओची परवानगी आणि नंतर आरसीत नोंद, हा रस्ता आहे. वेगळ्या प्रकारच्या इंजिनासाठी हा रस्ता जवळजवळ बंद आहे.

आता विमा. त्याचे दोन भाग असतात, आणि इंजिन बदलाचा परिणाम दोन्हींवर वेगवेगळा होतो. पहिला भाग आपल्या गाडीच्या नुकसानीचा. विम्याचा करार पूर्ण विश्वासावर उभा असतो. कंपनीला गाडी दिसत नाही. आपण फॉर्मवर जे लिहितो ते तिला दिसते. म्हणून जोखमीवर परिणाम करणारी कोणतीही गोष्ट लपवू नये, ही त्यातली मूळ अट. अपघातानंतर किंवा आग लागल्यावर सर्व्हेअर येतो आणि चासी व इंजिनाचे नंबर पॉलिसीशी ताडून पाहतो. नंबर जुळला नाही की पुढची सगळी पत्रे वेगळ्या सुरात येऊ लागतात. हीच गाडी विमा उतरवलेली आहे कशावरून? इंजिन कुठून आले? कळवले का नाही?

अशा वेळी दावा पूर्ण बुडतोच असे नाही. अटीचा भंग झाला तरी मान्य रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत भरपाई द्यावी, ही रीत सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली एका मोटार विम्याच्या प्रकरणात उचलून धरली होती. तिथे खासगी गाडी भाड्याने वापरल्याचा वाद होता. पण हा आधार भांडून मिळवायचा असतो, आणि गाडी गॅरेजात उभी असताना भांडायला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात.

सीसी बदलली तर प्रश्न आणखी वाढतो. सुरुवातीच्या मारुती जिप्सीचे इंजिन ९७० सीसीचे होते. तिच्यात एस्टीमचे १२९८ सीसीचे इंजिन बसवण्याची हौस अनेकांनी केली, कारण पुढच्या जिप्सीत कंपनीनेच त्या घराण्याचे इंजिन दिले होते. पण खासगी मोटारीच्या थर्ड पार्टी विम्याचा हप्ता सीसीवर ठरतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये आणि १००० ते १५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आहेत. म्हणजे इंजिन बदलून न कळवणारा मालक दर वर्षी कमी हप्ता भरत राहतो. हे नुसते विसरणे होते, असे कंपनीला पटवणे अवघड जाते.

दुसरा भाग थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे ज्याला इजा होईल त्याचा. हा विमा सक्तीचा आहे, आणि तो मुळात आपल्यासाठी नसून रस्त्यावरच्या अनोळखी माणसासाठी आहे. म्हणून कायद्याने कंपनीला पळवाटा मोजक्याच ठेवल्या आहेत. केवळ इंजिनाचा नंबर वेगळा म्हणून जखमी माणसाला रिकाम्या हाताने पाठवणे सोपे नाही. पण महत्त्वाची माहिती दडवून किंवा खोटी सांगून पॉलिसी घेतली, हा बचाव कंपनीला कायद्यानेच दिलेला आहे. तो न्यायाधिकरणात टिकला तर मालकाचे घरदार पणाला लागते, आणि भरपाईची वाट पाहणाऱ्या त्या घरातही अंधार पडतो. मला यातली सर्वांत गंभीर गोष्ट हीच वाटते. आपल्या गाडीच्या नुकसानीचा हिशेब आपण आपल्यापुरता मिटवू शकतो, दुसऱ्याच्या पायाचा नाही.

नंबर बघणारे आणखीही आहेत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती पुढे वाढवताना आरटीओचा निरीक्षक गाडी तपासतो. गाडी विकताना जाणकार गिऱ्हाईक बॉनेट उघडतो. आणि पोलीस तर बघतातच, कारण इंजिन चोरीच्या गाडीचे असू शकते. मेरठच्या सोतीगंज बाजारावर २०२१ साली पोलिसांनी मोठी कारवाई केली. चोरीच्या गाड्या तोडून त्यांचे भाग विकण्यासाठी तो बाजार बदनाम होता. असे एखादे इंजिन हातोहात कुठवर पोहोचेल, सांगता येत नाही. गॅरेजातल्या त्या सरांनीही शेवटी एवढेच विचारले की, इंजिनाची पावती आहे का? पावती नव्हती. सरांनी आपलेच इंजिन बोअर करून घेतले. खर्च थोडा जास्त आला, पण नंबर तोच राहिला.

मग इंजिन बदलूच नये का? तसे नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा असंख्य गाड्यांच्या इंजिनांत पाणी शिरले. पाणी दाबले जात नाही. अशा इंजिनाला स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो, प्रसंगी ब्लॉकही फुटतो. मग बदलण्यावाचून गत्यंतर नसते. अशा वेळी क्रम सांभाळावा. आधी आरटीओत अर्ज करून परवानगी घ्यावी. गाडी कर्जावर असेल तर बँकेची लेखी संमती घ्यावी. इंजिन त्याच बनावटीचे आणि प्रकारचे असावे. ते नवे असेल तर बिल, जुने असेल तर ज्या गाडीतून काढले तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद आणि विकणाऱ्याची सहीची पावती घ्यावी. बदल झाल्यावर चौदा दिवसांच्या आत आरसीत नवा नंबर चढवून घ्यावा. त्या आरसीची प्रत विमा कंपनीला देऊन पॉलिसीतही लेखी दुरुस्ती करून घ्यावी. एजंटला फोनवर सांगितले, एवढ्यावर थांबू नये. दावा फेटाळला गेलाच तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी जावे. तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपाल आहे. त्याची कार्यालये मुंबईत आणि पुण्यात आहेत, आणि तिथे फीही लागत नाही, वकीलही लागत नाही.

ज्यांनी गाडी जुनी विकत घेतली आहे, त्यांनी तर हे आजच करावे. आधीच्या मालकाने काय केले ते तुम्हाला ठाऊक नसते, आणि गाडी आता तुमच्या नावावर आहे. आरसी आणि पॉलिसी शेजारी शेजारी ठेवा, बॉनेट उघडा, ब्लॉकवरचा तेलकट थर फडक्याने पुसा आणि नंबर अक्षर न अक्षर ताडून बघा. सापडला नाही तर मिस्त्रीला दाखवायला सांगा. दहा मिनिटांचे काम आहे.