थेंबाचे छायाचित्र आणि फवारणीतले विष

झरी जामणी : कपाशीवर फवारणी सुरू असताना डोळ्यांना दिसतो तो केवळ पांढुरका फवारा. त्यात प्रत्यक्ष काय घडते, हे अतिवेगवान छायाचित्रणामुळे उलगडले. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २०हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा बळी गेला. त्यामुळे झरी जामणीसारख्या कापूसपट्ट्यातील तालुक्यात हा विषय प्रयोगशाळेपुरता राहत नाही.

थेंब आदळताना उसळणारा 'मुकुट' ब्रिटिश शास्त्रज्ञ आर्थर वर्दिंग्टन यांनी विजेच्या ठिणगीच्या उजेडात टिपला. त्यांचा 'अ स्टडी ऑफ स्प्लॅशेस' हा ग्रंथ १९०८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी टिपलेला दुधाच्या थेंबाचा मुकुट (१९५७) जगभर गाजला. युक्ती साधी आहे. अंधारात कॅमेऱ्याचे शटर उघडे ठेवायचे आणि प्रकाश मात्र निमिषाहूनही कमी काळ पाडायचा. थेंब जणू हवेत गोठतो.

याच तंत्राने नोझल पाहिल्यावर दिसले की, द्रव थेट थेंबांच्या रूपात बाहेर पडत नाही. आधी त्याचा पातळ पडदा पसरतो, तो फाटतो, त्याचे धागे होतात आणि धागे तुटून लहानमोठे थेंब बनतात. खरा प्रश्न या लहान-मोठेपणाचाच आहे. १०० मायक्रॉन व्यासाचा थेंब १० फुटांवरून सुमारे १० सेकंदांत जमिनीवर येतो. १० मायक्रॉनचा थेंब स्थिर हवेतही सुमारे १७ मिनिटे तरंगतो. वाऱ्याची झुळूक आली की तो पानाऐवजी माणसाच्या नाकातोंडाकडे वळतो. मोठे थेंबही निर्धोक नव्हेत. मेणचट पानावरून ते चेंडूसारखे उसळतात आणि औषध मातीत जाते.

२०१७ च्या हंगामात अनेक ठिकाणी पऱ्हाटी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली होती. नोझल चेहऱ्याच्या उंचीवर धरावे लागले आणि फवारणारा आपल्याच तुषारांतून चालत राहिला. पंपाचा दाब वाढवला की थेंब अधिक बारीक होतात, ही बाब बॅटरीच्या पंपांबाबत विशेष ध्यानात घ्यावी लागते.

शेतात असा कॅमेरा नेणे अर्थातच शक्य नाही. मात्र पाण्याचा थेंब पडताच निळा डाग उमटणारा पिवळा कागद मिळतो. तो पानांवर लावला तर औषध कुठे पोहोचले ते दिसते. फवारणाऱ्याच्या बाहीवर आणि छातीवर लावला, तर त्याच्या अंगावर किती आले तेही.