कापसाची गासडी आणि कातडीचा रंग

कापडाच्या धंद्यातील माणसाला सुताचा काउंट आणि ताग्याचा भाव पाठ असतो. पण ज्या कापसावर जगाचा गिरणीधंदा उभा राहिला तो कोणाच्या हातांनी वेचला, हे आपल्या बाजारात फारसे कोणाला ठाऊक नसते. भांडवल, मजुरी आणि वंशद्वेष यांचा संबंध समजून घ्यायचा असेल, तर तो हिशेब एकदा तपासला पाहिजे.

सुरुवात तंबाखूपासून होते. सतराव्या शतकात अमेरिकेतील व्हर्जिनिया ही इंग्रजांची वसाहत होती. तेथील मळ्यांत दोन तऱ्हेचे मजूर राबत: जहाजभाड्यापोटी काही वर्षांचा करार लिहून दिलेले गरीब गोरे आणि आफ्रिकेतून आणलेले काळे. मालक एकच, हालही बरेचसे सारखे. १६७६ मध्ये नॅथॅनियल बेकन या जमीनदाराने गव्हर्नरविरुद्ध बंड केले. त्यात हे गोरे-काळे मजूर एकत्र आले आणि जेम्सटाउन ही राजधानी जळाली. मळेवाल्यांना धडकी भरली.

त्यानंतर कायदे कडक होत गेले. १७०५ च्या कायद्याने काळा गुलाम मालकाची पक्की मिल्कियत ठरला. त्याची गुरे-घोडी जप्त करून विकावीत आणि तो पैसा तेथील गरिबांसाठी वापरावा, असेही ठरले. गोऱ्या नोकराला मात्र करार संपल्यावर धान्य, रोख रक्कम आणि बंदूक देणे मालकावर बंधनकारक झाले. गोरा गरीब मालक झाला नाही, पण काळ्यापेक्षा वरचा ठरला. दोघांची एकी मोडायला तेवढे पुरेसे होते.

पुढे कापूस आला. तेथील आखूड धाग्याच्या कापसातून सरकी काढणे फार जिकिरीचे असे. १७९३ मध्ये एली व्हिटनीने जिनिंगचे यंत्र बनवले आणि हे काम झटपट होऊ लागले. पण वेचणी हातानेच करावी लागे. त्यामुळे यंत्राने मजूर कमी होण्याऐवजी गुलामांची मागणीच वाढली. १७९० मध्ये अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते, १८६० मध्ये ते ४० लाखांच्या घरात गेले. लँकेशायरच्या गिरण्यांचा बहुतेक कापूस तेथूनच येई.

व्यापाऱ्याला कळेल अशी एक गोष्ट सांगतो. मळेवाला कर्ज काढताना जमिनीप्रमाणे गुलामही तारण ठेवी. लुइझियानातील आपल्या दोन पूर्वीच्या बँकांनी सुमारे १३,००० गुलाम तारण म्हणून घेतले होते, अशी कबुली जे. पी. मॉर्गन चेस या बँकेने २००५ मध्ये दिली. इंग्रज सरकारने १८३३ मध्ये आपल्या वसाहतींतील गुलामी बंद करण्याचा कायदा केला, तेव्हा २ कोटी पौंड भरपाई दिली. ती सगळी मालकांना मिळाली, गुलामांना एक छदामही नाही.

माणसाला तारण ठेवायचे तर तो पूर्ण माणूस नाही, असे आधी मनाला पटवावे लागते. म्हणून कवट्या मोजून काळ्यांना हीन ठरवणारे विद्वानही निघाले.

१८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत तो कापूस अडला. तेव्हा मुंबईत कापसाचे भाव भडकले, पैसा वाहिला आणि १८६५ मध्ये बाजार कोसळला. इकडे तेजी असताना लँकेशायरचे विणकर उपाशी होते. तरीही ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या कामगारांनी सभा भरवून गुलामीविरुद्ध लिंकन यांना पाठिंब्याचे पत्र पाठवले. लिंकन यांनी जानेवारी १८६३ मध्ये त्याला उत्तर दिले. यावरून गोऱ्या मजुराने काळ्याचा द्वेष केलाच पाहिजे, असा काही निसर्गनियम नाही हे दिसते.

अमेरिकेतील विद्वान ड्यू बॉइस यांनी १९३५ च्या ग्रंथात हेच मांडले: गोऱ्या मजुराला मजुरी कमी मिळाली, तरी गोरेपणाचा मान ही वरकड मजुरी म्हणून दिली गेली.

आपल्या पेठेतही हे तपासून पाहावे. कारागिराचा दर त्याच्या कामावरून न ठरता त्याच्या जातीवरून, प्रांतावरून किंवा नावावरून ठरू लागला, तर त्यातून कोणाचा नफा वाढतो ते पाहावे. आपण मजूर असलो तर शेजारच्या मागावरच्या माणसाला किती मिळते ते विचारावे, आणि मालक असलो तर आपली हजेरीवही उघडावी.